मुलाखतीआधी टॅलीवर हात बसवा

प्रश्न : बी.कॉम. झालोय. बायोडेटात ‘टॅली, जीएसटी येतं’ असं लिहिलंय, पण क्लास संपल्यापासून हात लावलेला नाही. मुलाखतीत आत्मविश्वास कसा दाखवू?

उत्तर : तो दाखवायच्या मागे लागू नका. समोरचा हातात बँकेचं स्टेटमेंट देऊन ‘हे जुळवा’ म्हणतो, तिथं आवाज चढवून काही होत नाही.

टॅली म्हणजे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर; त्याची सरावासाठीची एज्युकेशनल आवृत्ती फुकट आहे. तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात, पण सरावाला तेवढं पुरतं. ओळखीच्या दुकानदाराकडून परवानगीनं एका महिन्याची बिलं आणि बँक स्टेटमेंट घ्या. आधी खरेदी-विक्री नोंदवा. गिऱ्हाईक राज्यातलं असेल तर १८ टक्क्यांचे ९ सीजीएसटी (केंद्राचा वाटा), ९ एसजीएसटी (राज्याचा वाटा); परराज्यातलं असेल तर सगळा आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा कर). नवखे इथंच हमखास चुकतात.

मग बँक जुळवणी, म्हणजे टॅलीतला बँकेचा हिशेब स्टेटमेंटशी ताडून बघणं. खरं शिक्षण इथं होतं, म्हणून घाई नको. दिलेला पण न वटलेला चेक, बँकेनं परस्पर कापलेले चार्जेस, थेट खात्यात आलेले पैसे, हे एकेक शोधा. तरीही फरक उरला तर त्याला ९ नं भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल असते : ५,४०० च्या जागी ४,५०० पडले की फरक ९००.

असे तीन महिने जुळवलेत की बायोडेटात ‘टॅली येतं’ खोडा आणि ‘तीन महिन्यांची बँक जुळवणी केली’ असं लिहा. जीएसटीचं रिटर्न स्वतः भरलं नसेल, तर तसं सरळ सांगा.