पंचस्कंधांतलं ‘विज्ञान’ आणि शाळेतलं ‘विज्ञान’

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे बौद्धांचे पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते पाच घटक. यातलं पाचवं विज्ञान म्हणजे सायन्सच का? एका व्याख्यानात वक्ते म्हणाले की, बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच विज्ञानाला माणसाच्या घडणीत जागा दिली, आणि आजचं मेंदूशास्त्र नि क्वांटम भौतिकी तेच सांगतं आहे. हे बरोबर धरायचं का? नसेल, तर मराठीत इथे कोणता शब्द वापरावा?’

पहिल्या भागाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्यासाठी एक गाथा पुरते. धम्मपद या पाली गाथासंग्रहातली ४१वी गाथा: ‘अचिरं वतयं कायो पठविं अधिसेस्सति, छुद्धो अपेतविञ्ञाणो निरत्थं व कलिङ्गरं.’ लवकरच हा देह जमिनीवर पडेल. टाकून दिलेला, विञ्ञाण निघून गेलेला, निरुपयोगी ओंडक्यासारखा. ज्याच्यातून विञ्ञाण गेलं तो देह ओंडका होतो. इथे सायन्स हा अर्थ कुठेच बसत नाही. पाली विञ्ञाण, संस्कृत विज्ञान, म्हणजे जाणीव. नेमकं सांगायचं तर, समोर आलेली गोष्ट वेगळी ओळखून जाणणं.

‘वेगळी ओळखून’ हे ‘वि’ या उपसर्गामुळे. विभाग, विवेक, विच्छेद यांत जो ‘वि’ आहे, तोच इथे. महावेदल्लसुत्त या पाली संवादात बुद्धांचा एक शिष्य, महाकोट्ठित, दुसऱ्या शिष्याला, सारिपुत्तांना, विचारतो, विञ्ञाण का म्हणायचं? सारिपुत्त म्हणतात, ‘विजानाति, विजानाती ति’, जाणतं, जाणतं, म्हणून. नाम विचारलं आणि उत्तरात क्रियापद आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विञ्ञाण ही वस्तू नाही, ते घडणं आहे. संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहातल्या खज्जनीयसुत्तात तर हे जाणणं थेट जिभेवर आणलंय: आंबट जाणतं, कडू जाणतं, तिखट, गोड, क्षार असलेलं, क्षार नसलेलं, मीठ असलेलं, नसलेलं. मूळ शब्द बघा: अम्बिल, तित्तक, कटुक, मधुर, खारिक, अखारिक, लोणिक, अलोणिक. शेवटच्या जोडीत आपलं ‘लोणचं’ आणि ‘अळणी’ यांचे पूर्वज भेटतात. आणि एक सावधगिरी: तित्तक म्हणजे कडू आणि कटुक म्हणजे तिखट. आयुर्वेदातला कटु रसही तिखटच. मराठीपर्यंत येता येता ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि चवही बदलली.

हीच गत पाचही स्कंधांची झाली आहे, म्हणून तुमच्या प्रश्नातला गोंधळ एका शब्दापुरता नाही. ‘रूप’ म्हटलं की आपल्याला चेहऱ्याचं देखणेपण आठवतं. स्कंधात रूप म्हणजे सगळी भौतिक बाजू, हाडामांसासकट. ‘वेदना’ मराठीत फक्त दुखणं. स्कंधातली वेदना सुखद असते, दुःखद असते आणि दोन्ही नसलेलीही असते. ‘सुखा वेदना’ हा पालीत सरळ शब्दप्रयोग आहे, मराठीत तो चुकल्यासारखा वाटतो. ‘संज्ञा’ आपल्याकडे व्याकरणात किंवा ‘तांत्रिक संज्ञा’ म्हणताना येते. बौद्ध संज्ञा म्हणजे खुणेवरून ओळखणं: हे निळं, हे पिवळं. आणि ‘संस्कार’! आईवडिलांचे संस्कार, सोळा संस्कार, अंत्यसंस्कार यांतून वाट काढत इच्छा, सवयी, कल यांनी मनाला घडवणाऱ्या शक्तींपर्यंत वाचकाने पोचायचं. मराठी वाचकाला पाचही शब्द ओळखीचे वाटतात, आणि पाचही वेळा तो वेगळ्याच घरात शिरतो. परक्या लिपीतला शब्द असता तर तो थांबला तरी असता.

मग आपल्या विज्ञानाला सायन्स हा अर्थ आला कुठून? तोही अधांतरी आलेला नाही. अमरकोशात ओळ आहे: ‘मोक्षे धीर्ज्ञानमन्यत्र विज्ञानं शिल्पशास्त्रयोः.’ मोक्षाकडे वळलेली बुद्धी ते ज्ञान. शिल्पांत आणि शास्त्रांत चालणारी ते विज्ञान. म्हणजे कारागिरी आणि विद्या यांच्याशी या शब्दाचं नातं जुनं आहे. गीतेच्या सातव्या अध्यायाचं नाव ज्ञानविज्ञानयोग. शंकराचार्य तिथे विज्ञानाचा अर्थ स्वानुभव करतात. ज्ञानेश्वर मात्र वेगळं सांगतात: ‘अर्जुना तया नांव ज्ञान । येर प्रपंचु हें विज्ञान । तेथ सत्यबुद्धि तें अज्ञान । हेंही जाण ॥’ विज्ञान म्हणजे प्रपंचाचं जाणणं, दिसत्या जगाचं. सायन्ससाठी हा शब्द उचलणाऱ्यांनी ही ओवी डोळ्यांपुढे ठेवली होती असं मी म्हणणार नाही, पण मराठी कानाला तो अर्थ परका वाटला नाही यामागे अशी जुनी वाट असावी असं मला वाटतं. शिवाय हा एकच शब्द चालला असंही नाही. पुण्यात १९२८ साली निघालेल्या मासिकाचं नाव ‘सृष्टिज्ञान’. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेली संस्था मात्र मराठी विज्ञान परिषद. आणि विज्ञानाचा अभ्यास करणाऱ्याला आपण आजही सर्रास शास्त्रज्ञच म्हणतो.

तेव्हा एकाच धातूपासून निघालेले हे दोन अर्थ आहेत. एका अर्थाच्या जोरावर दुसरा सिद्ध करता येत नाही. वक्त्यांची चूक तिथे आहे.

पण साम्य आहे का, हा तुमचा खरा प्रश्न उरतोच, आणि तो मला टाळायचा नाही. साम्य आहे. फक्त ते शब्दात शोधू नका, युक्तिवादात शोधा.

मज्झिमनिकायातलं ३८वं सुत्त, महातण्हासंखय. साति नावाचा भिक्खू, कोळ्याचा मुलगा, म्हणत असतो की तेच एक विञ्ञाण, न बदलता, जन्मोजन्मी फिरत राहतं. बुद्ध त्याला बोलावून घेतात आणि कडक शब्दांत फटकारतात: ‘अञ्ञत्र पच्चया नत्थि विञ्ञाणस्स सम्भवो’, प्रत्ययांवाचून, म्हणजे कारणांवाचून, विञ्ञाण उद्भवत नाही. मग आगीचा दृष्टांत येतो. लाकडावर पेटली तर लाकडाची आग, गवतावर पेटली तर गवताची, शेणीवर पेटली तर शेणीची. तसं डोळा आणि रूप यांमुळे उपजलं ते चक्षुविञ्ञाण, कान आणि आवाज यांमुळे ते सोतविञ्ञाण. आग एका सरपणावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसणारी कोणी व्यक्ती नव्हे. सातिचं मत किती चिवट ठरलं हे थाई भाषेत दिसतं: तिथे याच शब्दाचं आजचं रूप ‘विन्यान’ असं आहे आणि त्याचा रोजचा अर्थ आत्मा, भूत! सायन्सला ते ‘विथयासात’ म्हणतात, म्हणजे आपलं विद्याशास्त्र. तिबेटीतही जाणिवेला ‘नम्शे’ आणि सायन्सला ‘त्सेनरिक’ असे दोन निराळे शब्द आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न तिथे पडणारच नाही.

त्याच निकायातलं २८वं सुत्त, महाहत्थिपदोपम, आणखी बारीक आहे. तिथे सारिपुत्त म्हणतात: डोळा शाबूत आहे, रूप दृष्टीच्या टप्प्यात आलेलं आहे, पण त्याला जोडून ‘समन्नाहार’ नाही, मनाचं त्याकडे वळणं नाही, तर चक्षुविञ्ञाण उपजत नाही. आता १९९९ सालचा डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर चॅब्रिस यांचा प्रयोग घ्या. चित्रफितीत काही जण चेंडू एकमेकांकडे टाकताहेत. पाहणाऱ्याने एका गटाचे झेल मोजायचे. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना ती दिसलीच नाही. डोळा शाबूत, रूप टप्प्यात, समन्नाहार झेलांकडे. सारिपुत्तांचं वाक्य या प्रयोगाला जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं, आणि हे वाचताना मला खरोखर आनंद होतो. इंद्रिय आणि वस्तू एवढ्यावर जाणीव होत नाही, तिसरं काहीतरी लागतं, हे केवळ मनाकडे लक्ष देऊन कोणीतरी इतकं स्पष्ट मांडलं होतं.

मात्र त्याच परंपरेत दीघनिकायातलं महानिदानसुत्तही आहे. त्यात विचारलंय की विञ्ञाण मातेच्या कुशीत उतरलं नाही, तर नामरूप, म्हणजे मन-देहाची घडण, तिथे आकार घेईल का? हे वाक्य आजच्या भ्रूणशास्त्राशी जुळत नाही. सारिपुत्तांचं सुत्त दाखवायचं आणि हे झाकायचं, हे मला पटत नाही. शिवाय सारिपुत्तांचा रोख दुःख कसं उपजतं आणि कसं थांबतं याकडे आहे. प्रयोग करणाऱ्यांचा रोख लक्ष कसं चालतं याकडे. दलाई लामांनी १९८७ पासून धरमशालेत वैज्ञानिकांना बोलावून चर्चा सुरू केल्या. २००५ साली त्यांनी लिहून ठेवलं की विज्ञानाने बौद्ध मतातली एखादी गोष्ट निर्णायकपणे खोटी ठरवली, तर ती सोडली पाहिजे. साम्य शोधणाऱ्यांची अशी तयारी हवी.

आपल्याकडे या प्रश्नाला बाबासाहेबांनी थेट हात घातला आहे. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या मूळ इंग्रजी ग्रंथात, आत्मा नाकारल्यावर जाणिवेचं काय, हे सांगताना ते भौतिकशास्त्रातली उपमा घेतात: विद्युत्क्षेत्रासोबत जसं चुंबकीय क्षेत्र असतं, तसंच नातं रूपकाय आणि विञ्ञाण यांत का मानू नये? भौतिकशास्त्राच्या बाजूने बारकावा असा की, स्थिर विद्युत्भाराच्या क्षेत्रासोबत चुंबकीय क्षेत्र नसतं. ते बदलत्या विद्युत्क्षेत्रामुळे किंवा वाहत्या विद्युत्भारामुळे उद्भवतं. माझ्या मते त्यामुळे उपमा दुबळी होत नाही, सुत्ताच्या आणखी जवळ जाते, कारण तिथेही जाणीव ही घडण्यातूनच उपजते. पण ते उपमाच देत होते. विञ्ञाण हे विद्युतचुंबकीय असतं, असा दावा त्यांनी केलेला नाही.

भौतिकीबद्दल मी जास्त सावध आहे. विपश्यनेच्या परिचयाने ‘कलाप’ हा शब्द अनेकांच्या बोलण्यात आला आहे आणि ‘कलाप म्हणजेच क्वार्क’, म्हणजे भौतिकीतला मूलकण, असं ऐकू येतं. अभिधम्म या बौद्ध विश्लेषणग्रंथांच्या परंपरेत अष्टकलापाचे आठ घटक म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, वर्ण, गंध, रस आणि ओज (पोषक सत्त्व). क्वार्कला वास नि चव नसते. कलापाची मांडणी अशा अनुभवाला येणाऱ्या गुणांवरून केलेली आहे. दुसरा घोटाळा ‘निरीक्षक’ या शब्दाचा. क्वांटम भौतिकीत निरीक्षकामुळे फरक पडतो असं मराठीत लिहिलं की डोळ्यांपुढे पाहणारा माणूस येतो, त्याचं मन येतं, आणि मग ‘सगळं जग विज्ञप्तिमात्र’, म्हणजे केवळ जाणीव, म्हणणारा बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधू आठवतो. पण कण दोन फटींतून सोडण्याच्या प्रयोगात हा निरीक्षक म्हणजे एखादा कण कोणत्या फटीतून गेला याची नोंद होणारं यंत्र असू शकतं. अशी नोंद झाली की, खोलीत कोणी नसलं तरी, पडद्यावरचे व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्याने उमटणारे, पट्टे नाहीसे होतात. ‘मापन’ हा शब्द इथे कितीतरी बरा.

त्यातल्या त्यात मला जवळची वाटते ती बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाशी केलेली तुलना. ‘यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे’, जो प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे कारणांवर अवलंबून उपजणं, त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. कोणत्याही वस्तूला इतरांवेगळा स्वतःचा स्वभाव नाही. कार्लो रोव्हेली या भौतिकशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये मांडलेल्या क्वांटम यांत्रिकीच्या अन्वयार्थात वस्तूचे गुणधर्म दुसऱ्या वस्तूशी होणाऱ्या परस्परक्रियेतच ठरतात, आणि पुढे त्याने नागार्जुनावर आदराने लिहिलंही. नागार्जुनाला क्वांटम ठाऊक होतं असं तो म्हणत नाही. विचार करायला त्याला एक तयार चौकट मिळाली, एवढंच.

आता वापराचं. पंचस्कंधांबद्दल मराठीत लिहिताना नुसतं ‘विज्ञान’ लिहू नये. ‘विज्ञानस्कंध’ किंवा पाली रूप ‘विञ्ञाण’ लिहावं आणि पहिल्या वेळी ‘म्हणजे जाणीव’ असं जोडावं. ‘जाणीव’ला आपल्याकडे ‘जबाबदारीची जाणीव’, ‘सामाजिक जाणीव’ असे अर्थ चिकटले आहेत हे खरं, पण ‘जाणणे’ हे क्रियापद तिच्या पोटात जिवंत आहे आणि सारिपुत्तांचं उत्तरही तेच होतं. ‘चेतना’ मात्र टाळावा, कारण बौद्ध ग्रंथांत चेतना म्हणजे हेतू, इरादा: ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, भिक्खूंनो, मी चेतनेलाच कर्म म्हणतो. विञ्ञाणाला चेतना म्हटलं की दुसरं कोडं तयार होतं.

आणि ‘विज्ञानवादी’ या शब्दाकडेही लक्ष असू द्या. बौद्ध दर्शनात विज्ञानवादी म्हणजे असंग-वसुबंधूंच्या योगाचार पंथाचे, जाणिवेवेगळी बाह्य वस्तू न मानणारे. वर्तमानपत्री मराठीत विज्ञानवादी म्हणजे बाहेरचा पुरावा मागणारे. दुसऱ्या अर्थासाठी ‘विज्ञाननिष्ठ’ हा रुळलेला शब्द आहे, तो वापरावा. तुमच्या व्याख्यात्यांचं वाक्य मी असं लिहीन: ‘जाणीव कारणांवाचून उपजत नाही असं बुद्धांनी सांगितलं, आणि लक्षाविषयीचे काही आधुनिक प्रयोग या म्हणण्याशी जुळतात.’