पद्मिनीच्या ब्रेकसाठी कर्ज काढावं का?

प्रश्न: वडिलांची १९७८ची प्रीमिअर पद्मिनी आता माझ्या नावावर आहे. रविवारी शहरात फिरवतो. ब्रेक पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते आणि पन्नाशीच्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलावर देणारा) सिंगल सर्किटचा. नेहमीच्या गॅरेजने ३८,००० रुपये सांगितले: कप किट (सिलिंडरातले रबरी कप), नवे लायनर (ड्रमवर घासून चाक थांबवणारे पट्टे), नवे शॉकअॅब्सॉर्बर. जुन्या गाड्यांचंच काम करणाऱ्या दुसऱ्याने १,८५,०००चं कोटेशन दिलं: ब्रेकचं सगळं सामान २८,०००, किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ)-बुश-टायरॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा)-बेअरिंग २२,०००, स्प्रिंग व शॉक १५,०००, पुढे डिस्क ब्रेक व बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा) ५५,०००, पावडर कोटिंग आणि फिनिशिंग ३५,०००, लेबर ३०,०००. हातात महिन्याला ९२,००० येतात. घराच्या हप्त्यासह खर्च ७०,०००, एसआयपी १०,०००. एफडी २,८०,०००. मार्चमध्ये ६०,००० बोनस मिळतो. बँक १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी पर्सनल लोन द्यायला तयार आहे. गाडीची किंमत वाढेलच, तेव्हा ही गुंतवणूक समजून कर्ज घेऊ का?

उत्तर: कर्ज घेऊ नका, आणि ३८,०००चं कामही करू नका. शिवाय आजपासून गाडी रस्त्यावर काढू नका. या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून शेवटचीपासून सुरुवात करतो.

दाबून धरलेलं पेडल खाली जातं याचा अर्थ तेल कुठून तरी निसटतंय. ब्रेकच्या तेलाच्या टाकीतली पातळी कमी होत असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर गळती बाहेर आहे. पातळी जागच्या जागी असेल तर मास्टर सिलिंडरचा रबरी कप झिजलाय आणि तेल आतल्या आत मागे सरकतंय. सिंगल सर्किटमध्ये चारही चाकांना एकच लाइन असते. ती गेली की सगळे ब्रेक गेले, उरतो तो हँडब्रेक. असल्या गाडीला ‘फक्त रविवारी, फक्त जवळपास’ हा उपाय नाही.

पण पैशाच्या बाजूने यात तुमची सोयच आहे. ही गाडी तुमच्या रोजच्या जाण्यायेण्याची नाही. ती सहा महिने उभी राहिली तर तुमचं उत्पन्न बुडत नाही, घरातलं कुणाचं अडत नाही. कर्जाची घाई असते ती थांबण्याची किंमत मोजावी लागते तेव्हा. इथे ती जवळपास शून्य आहे. गाडी सपाट जागी, चाकांना दगड किंवा ठोकळे अडकवून, हँडब्रेक सोडून ठेवा. ओढलेल्या हँडब्रेकने महिनोन्महिने उभी राहिली तर लायनर ड्रमला चिकटतात. थर्ड पार्टी विमा मात्र चालू राहू द्या.

आता कर्जाचं गणित. १,८५,०००ला १४ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता सुमारे ६,३२० रुपये बसतो आणि तीन वर्षांत व्याज जातं साधारण ४२,६००. म्हणजे नेहमीच्या गॅरेजच्या अख्ख्या कोटेशनपेक्षा जास्त रक्कम नुसती व्याजात. तुमची महिन्याची शिल्लक १२,००० आहे, ती ५,७००च्या आत येईल. एफडी मोडण्याचा विचार मनात आला असेल तर तोही बाजूला ठेवा. २,८०,००० म्हणजे तुमचा बरोबर चार महिन्यांचा खर्च. घराचा हप्ता चालू असताना तो सहा महिन्यांचा असायला हवा, म्हणजे आधीच कमी आहे. त्यातून १,८५,००० काढले तर दीड महिन्याचाही उरणार नाही. एफडीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो, त्याचा दर बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के वर असतो आणि पर्सनल लोनपेक्षा तो नक्कीच स्वस्त. तरी तेवढी एफडी गहाण पडते, आणि अडीनडीला तीच लागणार असते.

गुंतवणुकीबद्दल स्पष्टच लिहितो. चांगल्या राखलेल्या पद्मिनीला हौशी गिऱ्हाईक मिळतं हे खरं, पण ते बॉडी, कागदपत्रं आणि मूळपणा बघून पैसे देतं. किंगपिनवर घातलेले २२,००० किमतीत वेगळे भरून येत नाहीत. स्वतःच्या वापराची मोटार आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाही. विकताना नफा झाला तर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि तोटा झाला तर तो कुठे वजाही करता येत नाही. दर साल काही हातात देणारी वस्तू ही नव्हे. वडिलांची गाडी नीट चालावी म्हणून केलेला हा खर्च आहे, आणि तो करायला हरकत नाही. फक्त तो खर्चाच्या खात्यात लिहा.

विंटेज नोंदणीने किंमत वाढेल अशी आशा असेल तर तो नियमही वाचून घ्या. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली गाडी ‘विंटेज’ ठरते. तुमची २०२८मध्ये बसेल. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण अशी गाडी नियमित वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. तुमच्या रविवारच्या फेरफटक्यांना ते परवडणारं नाही. साध्या नोंदणीवरच ठेवलीत तर दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाची तरतूद करा. २० वर्षांहून जुन्या मोटारीला ऑगस्ट २०२५पासून ते शुल्क १०,००० रुपये झालंय, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. त्या वेळी गाडीची तपासणी होते, त्यात ब्रेक बघतात.

आता दोन्ही कोटेशनं उघडून बघू.

३८,०००चं काम स्वस्त दिसतं, पण त्यातला बराच पैसा दोनदा जाण्याची शक्यता आहे. व्हील सिलिंडरमध्ये (चाकापाशी लायनर ड्रमवर दाबणाऱ्या सिलिंडरमध्ये) कप किट तेव्हाच टिकतं जेव्हा बोअर, म्हणजे आतली नळीसारखी पोकळी, गुळगुळीत असतो. इतक्या वर्षांच्या सिलिंडरमध्ये गंजाचे खड्डे पडलेले असतात. बोअरवरून नख फिरवा. कुठे अडकलं तर तो खड्डा नवा कप थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो. मग तेल झिरपतं ते थेट नव्या लायनरवर, आणि तेल प्यायलेला लायनर धुऊन उपयोग नसतो, टाकूनच द्यावा लागतो. कप गेला, लायनर गेला, मजुरीही गेली. तिथे सिलिंडर नवा घ्यायचा किंवा आत स्लीव्ह, म्हणजे नवं अस्तर, बसवून घ्यायचा. त्या कोटेशनमध्ये ब्रेकच्या रबरी नळ्याही नाहीत. जुनी नळी बाहेरून धड दिसते, पण आतून फुगून तिचा मार्ग अरुंद होतो. दाब पोचतो उशिरा आणि परततोही उशिरा. गाडी डावीकडे ओढते म्हणून सगळे डावं चाक उघडतात. खरं तर बऱ्याचदा उजवं चाक काम करत नसतं: लायनरला तेल लागलेलं, सिलिंडर जाम, किंवा नळी बंद. पुढच्या दोन आणि मागची एक अशा तिन्ही नळ्या बदला. अख्ख्या कामात त्यांच्याइतका कमी पैशात मोठा धोका टाळणारा दुसरा पार्ट नाही.

किंगपिनचा तर त्यात उल्लेखच नाही. तुमची थरथर तिथली आहे की नाही हे कळायला पैसे लागत नाहीत. आधी चाकं बॅलन्स करून घ्या, तो किरकोळ खर्च. मग पुढचं चाक जॅकवर उचला, वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवा. हलतंय? दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. डावी-उजवी बाजू धरून हलवलं तर टायरॉड एंडचा खेळ हाताला लागतो. ही तपासणी कोटेशन मंजूर करण्याच्या आधी स्वतःसमोर करून घ्या. २२,००० लागणारच की त्यातले निम्मेच, हे तिथेच ठरेल.

१,८५,०००च्या कोटेशनमधून मी ९०,००० खोडतो. पावडर कोटिंग आणि फिनिशिंगचे ३५,००० ही शोभा आहे. साफ करून प्रायमर आणि चेसिस ब्लॅक मारला की गंजापासून पुरेसं रक्षण होतं. डिस्क ब्रेकच्या ५५,०००वर थोडं थांबून विचार करा, कारण तो खर्च सुरक्षिततेच्या नावाखाली आलाय. डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून बूस्टर. जुन्या ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये बरेचदा लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड घासत राहतात आणि तापतात. मग मास्टर बदला, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल नव्याने जुळवा, जुनी चाकं कॅलिपरवर (डिस्कला पॅडांनी पकडणाऱ्या भागावर) बसतात का बघा. ५५,०००मध्ये हे सगळं धरलंय असं कोटेशनवरून दिसत नाही. रविवारी शहरात फिरणाऱ्या गाडीला ठाकठीक ड्रम पुरतात, आणि मूळपणाही टिकतो. सुरक्षिततेवर जास्तीचा पैसा घालायचाच असेल तर तो दोन सर्किटच्या मास्टर सिलिंडरवर घाला. एक लाइन फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. मात्र त्याचा बोअर आणि पेडलची चाल तुमच्या सिलिंडरांशी जुळते असं करणाऱ्याने लेखी दिलं तरच.

राहतात ९५,०००. यातले स्प्रिंगही कदाचित वाचतील. गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजा. बसलेली नसेल, चिरा नसतील, तर स्प्रिंग आहेत ते ठेवा आणि शॉक तेवढे जोडीने बदला. उलट, उघडल्यावर ज्यात पैसे वाढतात ती जागा म्हणजे ड्रम. लेथवर फेसिंग करताना, म्हणजे आतला पृष्ठभाग कापून गुळगुळीत करताना, ठरलेल्या मर्यादेपलीकडे व्यास गेला तर ड्रम पातळ होतो, तापतो, वाकतो आणि पेडल हातोडीसारखं उसळतं. एका अॅक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच व्यासाचे हवेत, त्यामुळे एक बाद झाला तर दुसराही चर्चेत येतो. म्हणून ९५,०००वर २५ टक्के राखीव धरा: २३,७५०. एकूण १,१८,७५०. मार्चचा बोनस ६०,००० आणि पाच महिन्यांची शिल्लक ६०,००० मिळून १,२०,००० होतात. एसआयपी थांबवावी लागत नाही, एफडीला हात लागत नाही, व्याज शून्य.

हे पाच महिने नुसतं थांबू नका, सामान जमवा. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. रोज धावणाऱ्या टॅक्सी होत्या तोवर पार्टना रोजचं गिऱ्हाईक होतं, आता नाही. गाडी खोलून मग पार्ट शोधत बसलात तर ती गॅरेजमध्ये अडकते आणि मिळेल तो पार्ट मिळेल त्या भावात घ्यावा लागतो. जुन्या साठ्यातला, डबाबंद किंगपिन किंवा ड्रम मिळाला तर आनंदाने घ्या. जुन्या साठ्यातला रबरी कप किंवा नळी फुकट मिळाली तरी घेऊ नका, रबर डब्यातसुद्धा म्हातारं होतं.

‘आधी ब्रेक करू, सस्पेन्शन पुढच्या वर्षी’ अशी विभागणी सुचवली जाईल. किंगपिन बदलायचा तर ड्रम, हब आणि ड्रममागची प्लेट निघतेच, ब्रेकची लाइनही सोडावी लागते. दोन वेळा केलंत तर तीच मजुरी, तेच ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) आणि तेच अलाइनमेंट दोनदा. म्हणून पूर्ण रक्कम जमल्यावर एकदाच उघडा. फक्त मागची चाकं त्यातून वगळू नका, नवा मास्टर जुन्या मागच्या सिलिंडरांची गळती लगेच उघडी पाडतो.

जॉब कार्डवर चार गोष्टी लिहून घ्या. किंगपिनचे बुश ठोकून बसवल्यावर वरचा-खालचा एका रेषेत रीम करायचे (भोक नेमक्या मापाला कापायचे), नाहीतर स्टीअरिंग जड होतं आणि पिन लवकर झिजते. विशबोनचे (पुढचं चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यांचे) रबरी बुश गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. ब्रेकचे रबरी भाग पेट्रोल-रॉकेलने धुवायचे नाहीत, ते फुगतात. आणि ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ती ओल्या फडक्याने पुसायची.

पैसे टप्प्याने द्या: सामान तुम्ही आणलेलं असल्यामुळे आगाऊ रक्कम फक्त लेबरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, दुसरा हिस्सा सगळं खोलून, मोजून, वाढीव खर्च लेखी दिल्यावर. त्या वेळी गाडी बघायला स्वतः जा, ड्रमचं माप समोर घ्यायला लावा आणि बाद पार्ट परत मागा. पक्कं बिल घ्या. लेबरवर १८ टक्के जीएसटी लागेल, तो ३०,०००मध्ये धरलाय का हे आधीच विचारा. धरला नसेल तर राखीव रकमेतले ५,४०० तिथे जातील. बिलं आणि फोटो जपा. पाच वर्षांहून जुन्या गाडीचं विमामूल्य तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तिथे हेच कागद कामाला येतात.

लेबरचा शेवटचा हिस्सा गाडी ताब्यात घेताना देऊ नका. नवे लायनर ड्रमला बसायला थोडं चालावं लागतं, बुशही जागा धरतात. आधी मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक मारत चालवा, साधारण ५०० किलोमीटरनंतर गाडी परत न्या. ब्रेकची अॅडजस्टमेंट, हब बेअरिंगचा खेळ, टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) आणि प्रत्येक जोडावरची ओल तपासून घ्या. पेडल दाबून अर्धा मिनिट धरा. ते जागेवरून हललं नाही, की उरलेले पैसे द्या.