सरांना कधी सांगू?

प्रिय ‘तिरकिट’,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. ही मुलगी अठरा वर्षांची, नाशिकला सिडकोत राहणारी, वडील सातपूरच्या कारखान्यात. सात वर्षांची असताना भावाला तबल्याच्या क्लासला सोडायला आईबरोबर जायची. भावाने तिसऱ्या महिन्यात क्लास सोडला, ही मात्र बसली ती अकरा वर्षं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात माडीवर सरांचा क्लास आहे. तिथेच प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या सगळ्या परीक्षा झाल्या. आता बारावी झाली आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तबल्याच्या पदवीसाठी तिची निवड झाली आहे. घरचे तयार आहेत. सरांना मात्र यातलं काहीच माहीत नाही.

सर एकाहत्तर वर्षांचे. दोन वर्षांपासून रविवारची लहान मुलांची बॅच ही मुलगीच घेते, आणि ‘पुढे हे सगळं हिलाच बघायचंय’ असं सर चारचौघांत म्हणतात. तीन आठवड्यांवर गुरुपौर्णिमा आहे, त्या दिवशी तिचं एकल वादन ठेवलंय. आई म्हणते, कार्यक्रम होऊ दे, मग सांग. बाबा म्हणतात, गाडीत बसलीस की फोन कर. आणि ही विचारते, ‘ताई, मी सरांशी बेइमानी करतेय का? तिकडे गेल्यावर सरांनी लावलेला हात, म्हणजे वाजवण्याची ढब, बदलला तर?’

बाळा, शिकायला जाणं ही बेइमानी नाही. पण सरांपासून लपवून रोज त्यांच्यासमोर बसणं तुला आतून खातंय, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. म्हणून माझं पहिलं उत्तर: येत्या रविवारीच सांग. गुरुपौर्णिमेच्या आधी.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः नेमकं उलटं केलं होतं. एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी एका बुजुर्ग सरांकडे गाणं शिकले. मग दुसऱ्या गावी नोकरी लागली. उद्या सांगू, परवा सांगू करता करता निघायचा दिवस आला आणि मी न सांगताच गेले. सर रागावतील याची भीती वाटत होती. काही वर्षांनी कालिदास कलामंदिरात एका मैफलीच्या मध्यंतरात त्यांच्या पत्नी भेटल्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘तू गेल्यावर दोन गुरुवार ते तंबोरा काळी चारमध्ये लावून बसले होते.’ काळी चार ही माझी पट्टी, म्हणजे मी ज्या सुरात गायचे तो सूर. त्या क्लासमध्ये दुसऱ्या कुणाची नव्हती. सर तेव्हा हयात नव्हते. मी आजही तंबोरा लावायला घेतला की ते दोन गुरुवार आठवतात. तुझ्यावर ही वेळ येऊ नये.

आईचं म्हणणं मला समजतं. कार्यक्रमाचा विरस होऊ नये, एवढीच तिची इच्छा. पण कल्पना कर, गुरुपौर्णिमेला सर सगळ्यांदेखत पुन्हा म्हणाले, ‘हा क्लास आता हिचाच’, आणि तू मान खाली घालून पेशकार, म्हणजे वादनाचा पहिला भाग, सुरू केलास. आठ दिवसांनी त्यांना कळलं, की त्या क्षणी हिला सगळं माहीत होतं. ते शल्य बडोद्याला जाण्यापेक्षा कितीतरी मोठं होईल. आधी सांगितलंस तर त्या दिवशीचं वादन वेगळं होईल. सर कदाचित स्वतः लेहरा, म्हणजे तबल्यामागची पेटीची धून, धरायला बसतील.

कसं सांगायचं, हेही विचारलंस. रविवारी मुलं गेली, की तू आणि सर मिळून तबल्यांवर गवसण्या चढवता ना, तीच वेळ. हाताला काम असलं की कठीण बोलणं सोपं जातं. एकटी जा, आईबाबांना बरोबर नेऊ नकोस. पेढेही नेऊ नकोस. पेढे ठरून गेलेल्या गोष्टीचे देतात, आणि तुला तर आधी त्यांच्यापुढे मन मोकळं करायचंय. सरळ सांग, ‘सर, बडोद्याला तबल्याच्या पदवीसाठी माझी निवड झालीय. मला जायचंय. अर्ज भरायच्या आधीच तुम्हाला विचारायला हवं होतं, माझा धीर झाला नाही.’ यातलं शेवटचं वाक्य गाळू नकोस, चूक तिथेच झाली आहे. मग गप्प राहा. ते उठून आत गेले तरी थांब. काकू चहा आणतील, तो पिऊन नमस्कार करूनच नीघ. रागाने काही बोलले तर बोलू दे. अकरा वर्षं ज्यांनी तुझ्या उजव्या हाताच्या पाठीवर रुपयाचं नाणं ठेवून ‘हे पडता कामा नये’ म्हणत हात लावून घेतला, त्यांना दोन दिवस रुसायचा हक्क आहे.

क्लासचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर गोड बोलून वेळ मारून नेऊ नकोस. ‘दर शनिवार-रविवार येऊन बॅच घेईन’ असं चुकूनही कबूल करू नकोस. सुरतमार्गे बडोदा–नाशिक काही दर आठवड्याला ये-जा करण्याचं अंतर नाही, आणि पहिल्या वर्षी शनिवार-रविवारीच खरा रियाज होतो. दिवाळीत आणि मे महिन्यात येऊन शिकवीन, एवढंच सांग आणि ते पाळ. तू लिहिलंयस की तुझ्या बॅचमधला चौदा वर्षांचा एक मुलगा लहानांना कायदा, म्हणजे बोलांची बांधीव रचना, नीट समजावून सांगतो. गुरुपौर्णिमेपर्यंतचे दोन-तीन रविवार त्याला शेजारी बसवून घे.

सरांना वाईट वाटणारच. तरी शिष्याने दूर जाऊन शिकणं आपल्या परंपरेत नवीन नाही. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात आपल्या नाशिकला येऊन राहिले, इथे त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. त्यांचे शिष्य गावोगाव पांगले. 1931 मध्ये पंडितजी गेल्यावर त्याच शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. तुझ्या घरच्या फाइलमधली प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची प्रमाणपत्रं त्या मंडळाचीच ना? सगळे शिष्य गुरूच्या दारातच बसून राहिले असते, तर सिडकोतल्या मुलीपर्यंत हे पोचलं नसतं.

आणि बडोदं काही परकं नाही गं. सयाजीराव गायकवाड आपल्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, मालेगावजवळचे. बारा वर्षांचा तो मुलगा 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर गेला. पुढे 1886 मध्ये त्यांच्याच आश्रयाने गवई मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. तू ज्या विद्याशाखेत निघालीस, तिचं मूळ त्या शाळेत आहे. दांडिया बाजारात मराठी कानावर पडेल, पहिल्या महिन्यात घरची आठवण आली की तिकडे एक चक्कर मार.

आता हात बदलण्याबद्दल. तुझी ही भीती मला सगळ्यात जास्त आवडली, कारण ती खऱ्या विद्यार्थ्याची आहे. तुझ्या सरांचा बाज, म्हणजे वाजवण्याची शैली, फरुखाबाद घराण्याचा. बडोद्याला प्राध्यापक सुधीरकुमार सक्सेना यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. ते उस्ताद हबीबुद्दीन खाँ यांचे शिष्य, म्हणजे अजराडा घराण्याचे. तिथे आडलयीतले, म्हणजे दीडपट लयीचे, कायदे भेटतील, बायाला (डाव्या हाताच्या डग्ग्याला) जास्त काम असेल. निकास, म्हणजे बोल काढण्याची रीत, तीही बदलू शकते. ‘तिट’मधला ‘ति’ कुणी एकट्या मधल्या बोटाने काढतं, कुणी मधलं बोट, अनामिका आणि करंगळी जोडून. विशारद झालेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात ‘धा धा तिट’ हा अगदी सुरुवातीचा कायदा विलंबित लयीत वाजवायला बसवलं, तर रडू येईल. येऊ दे, पण वाजव. ‘आमच्या सरांकडे असं नव्हतं’ हे वाक्य तिथल्या गुरूंसमोर तोंडातून काढू नकोस. आणि सुट्टीत घरी आल्यावर ‘तिकडे असं नसतं’ हे सरांसमोर काढू नकोस. दोन वह्या कर. सरांची वही वेगळी, तिकडची वेगळी, आणि सरांच्या वहीतला एक तरी कायदा रोज त्यांच्याच निकासाने वाजव. तबलानवाज अहमदजान थिरकवाँ साहेबांचे गुरू मुनीर खाँ स्वतः अनेक उस्तादांकडे शिकले. त्याने कुणाचं शिकवणं पुसलं गेलं नाही, उलट थिरकवाँ साहेबांच्या हातात दिल्ली आणि फरुखाबाद ही दोन्ही घराणी ऐकू येत.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. तुझ्या पत्रात एकल वादन चार वेळा आलं, साथीचा उल्लेख एकदाही नाही. विद्यापीठात चार-पाच वर्षं जातील. त्यानंतर पोट भरायचं तर ते बहुतेक साथीवर आणि शिकवण्यावर. पहिल्याच वर्षी गाणाऱ्या मुलींशी मैत्री कर, त्यांच्या रियाजाला बस. विलंबित एकताल अर्धा तास न ढळता धरून ठेवणं काय असतं, ते तेव्हा कळेल. कथकच्या वर्गात वाजवायची संधी मिळाली तर सोडू नकोस. तिथे लय पक्की होते, पढंतची, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याची, सवय लागते आणि दरमहा थोडे पैसेही हातात येतात. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं महिना 5,000 रुपये. तिच्यासाठी गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. ते लिहून द्यायला सरांशिवाय कोण आहे? अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून घे. बाबांना पैशांची काळजी आहे, हे त्यांनी बोलून दाखवलं नसलं तरी मला जाणवतं. ही माहिती त्यांना तूच दे.

तुझ्या मावशीचं ‘मुलीची जात, तबला कशाला’ हे मी एका ओळीत संपवते. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी कितीतरी वर्षांपूर्वी स्वतंत्र तबलावादन करून आणि तबल्यावर संशोधन करून याचं उत्तर देऊन ठेवलंय. मावशीशी वाद घालत बसू नकोस, तो वेळ रियाजाला दे.

रविवारी बोलणं झालं, सर शांत झाले, की त्यांच्याकडे एक काम घेऊन जा. तू लिहिलंस, पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) उतरते, म्हणजे तिचा सूर खाली जातो, म्हणून सर सगळ्या जोड्या साठच्या बल्बखाली ठेवतात. तुझा तबला आत्ता असाच उतरलेला असणार. बडोद्याला न्यायची जोडी त्यांच्याच हातून लावून घे. गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) कुठवर ठोकायचे, वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) किती ओढायची, उकाड्यात ठेवायचा कसा, हे विचार आणि वहीत लिहून ठेव. आणि तिकडे पोचलीस की पहिला फोन घरी, दुसरा सरांना. बहुधा काकूच उचलतील. घाईने ‘सरांना द्या’ म्हणू नकोस, आधी त्यांच्याशी बोल. अकरा वर्षं त्या माडीवर चहा त्यांनीच आणलाय.

तुझी,
ताई