'जेटी' हा शब्द मराठी आहे का, आणि त्याचा नेमका अर्थ काय?

'जेटी' मराठी नाही. तो इंग्रजीतून आला असून किनाऱ्यापासून पाण्यात पुढे काढलेले, बोट लावण्याचे पक्के बांधकाम असा त्याचा आपल्याकडचा अर्थ आहे. इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचमधल्या 'फेकणे' या अर्थाच्या 'जेते' या क्रियापदापासून घेतला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'याक्तारे' आहे; म्हणजे जेटी ही शब्दशः पाण्यात 'फेकलेली', पुढे झोकलेली वस्तू. जुन्या लाकडी घरांच्या खालच्या भिंतीबाहेर डोकावणाऱ्या वरच्या मजल्यालाही इंग्रजीत जेटीच म्हणतात, ते याच कल्पनेतून. विमानाचे 'जेट'ही याच कुळातले. मात्र काळ्याभोर दगडाचे 'जेट' हे नाव आजच्या तुर्कस्तानातल्या लिसिया या प्राचीन प्रदेशातील गागाई या गावावरून आले असल्याने त्याचा येथे संबंध नाही.

कोकणात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी जेटीवरून सुटते, आणि ओहोटीला ज्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ व कालवे उघडी पडतात, त्या अशाच बांधकामाच्या असतात. मुंबईत मात्र 'भाऊचा धक्का' हे जुने नाव टिकून आहे, आणि 'धक्का' हा प्रतिशब्द मला अधिक सरस वाटतो.

एक खबरदारी घ्यावी: अमेरिकी लिखाणात नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी गाळ व लाटा रोखण्यासाठी घातलेल्या दगडी बांधालाही जेटी म्हणतात, आणि तेथे बोट लागतेच असे नाही.