वाचकांचे प्रश्न : ‘तोस्का’ ऐकताना आणि बसवताना

‘तोस्का’ या इटालियन ऑपेराबद्दल सोलापूरच्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. गोष्ट थोडक्यात अशी: रोम, जून १८००. चित्रकार काव्हारादोस्सी तुरुंगातून पळालेल्या आंजेलोत्तीला लपवतो. पोलीसप्रमुख स्कार्पिआ त्याला पकडतो आणि त्याच्या सुटकेच्या बदल्यात त्याची प्रेयसी, गायिका फ्लोरिआ तोस्का, हिच्याकडे तिचं शरीर मागतो. ती स्कार्पिआचा खून करते, पण प्रियकर वाचत नाही. शेवटी ती किल्ल्यावरून उडी घेते. संगीत जाकोमो पुच्चिनीचं, पहिला प्रयोग रोममध्ये १४ जानेवारी १९०० रोजी झाला.

संगीत नाटकं पुष्कळ पाहिली आहेत, पण ‘तोस्का’ लावलं की पंधरा मिनिटांत कोण कोण ते कळेनासं होतं. इटालियन येत नाही. काय धरून बघावं? (जुळे सोलापूर)

संगीत नाटकात गद्य थांबतं, पद सुरू होतं, आणि पद कुठे संपलं हेही कळतं. इथे संवादही गाण्यातच आहेत, त्यामुळे ‘पद कधी येणार’ म्हणून वाट बघणारा कंटाळतो. भाषांतराच्या ओळी पडद्यावर दिसतील असंच ध्वनिचित्रण निवडा आणि एका दिवशी एकच अंक बघा. पहिला अंक पाऊण तासाच्या आसपास, दुसरा जरा कमी, तिसरा अर्ध्या तासात आटोपतो.

आणि वस्तूंवर नजर ठेवा. पहिला अंक चर्चमध्ये घडतो. आंजेलोत्तीच्या बहिणीने त्याला वेष बदलता यावा म्हणून बायकी कपडे तिथे लपवून ठेवलेले असतात, त्यातला पंखा घाईत मागे राहतो. चित्रकाराच्या जेवणाची टोपलीही रिकामी सापडते, आणि चर्चचा सेवक बोलून जातो की काव्हारादोस्सी जेवणार नव्हता. एवढ्यावरून स्कार्पिआला सगळं उमगतं. मग तोच पंखा तो तोस्कापुढे धरतो, कारण ती संशयी आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. इयागोकडे रुमाल होता, माझ्याकडे पंखा आहे, असं तो स्वतःच म्हणतो. (हा इयागो ‘ऑथेल्लो’तला, म्हणजे देवलांच्या ‘झुंझारराव’च्या मूळ नाटकातला.) तोस्का चिडून प्रियकराच्या बंगल्याकडे निघते आणि स्कार्पिआची माणसं तिच्या मागावर.

कानासाठी खूण एकच पुरे. पडदा उघडण्याआधीच तीन दणदणीत स्वरसमूह येतात, तो स्कार्पिआ. पेटीवर वाजवून बघा (काळी पाच म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, तसंच बाकीचं): काळी पाच, पांढरी दोन, पांढरी चार; मग काळी चार, पांढरी एक, काळी दोन; शेवटी पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात. काळी पाचला सा धरलात तर तिसऱ्या समूहाचा आधारस्वर तीव्र मध्यम येतो, म्हणून कानाला घर सापडत नाही. पुढे हे स्वर कुठेही आले, तो मंचावर नसताना आले तरी, सूत्रं त्याच्याच हातात आहेत असं समजावं.

आमची हौशी नाट्यसंस्था हुतात्मा स्मृती मंदिरात फक्त दुसरा अंक मराठीत करू पाहते. साथीला पियानो. किती माणसं, काय सामान, आणि कुठे फसू शकतं? (भवानी पेठ)

अंक नेमका निवडलात. एकच दालन, रात्रीची वेळ, आणि नाटकाचा सगळा जीव इथेच.

गाणारे पाच: तोस्का (सोप्रानो, बायकांचा उंच आवाज), काव्हारादोस्सी (टेनर, पुरुषांचा उंच आवाज), स्कार्पिआ (बॅरिटोन, पुरुषांचा मधला), त्याचा हस्तक स्पोलेत्ता (टेनर) आणि शिपाई शार्रोने (बास, पुरुषांचा खालचा). छळ करणारा रोबेर्ती आणि पहारेकरी मुके. विंगेतल्या समूहगानाला आठ-दहा आवाज हवेत. राजवाड्यातल्या जलशात तोस्का गातेय आणि इथे चित्रकाराची चौकशी चाललीय, हे एकाच वेळी ऐकू येतं. वैतागून स्कार्पिआ खिडकी लावतो आणि गाणं तुटतं. ही खिडकी खरीच बंद होणारी करा. नुसता हाताचा अभिनय केला आणि मागचं गाणं दोन क्षण उशिरा थांबलं, तर प्रेक्षक हसतात. विंगेतल्या गायकांना पियानोही धड ऐकू येत नाही, तेव्हा त्यांना इशारा द्यायला स्वतंत्र माणूस उभा करा.

सामानात जेवणाचं मेज, दारूची सुरई, पाण्याचं भांडं, सुरी, लिहायचं मेज, दौत-टाक, कागद, दोन मेणबत्त्या आणि भिंतीवर क्रूस. यातलं काहीही शोभेचं नाही. स्कार्पिआ दोघांना शहराबाहेर जाऊ देणारा परवाना लिहायला वळतो, तोस्का दारूचा पेला घ्यायला जेवणाच्या मेजाशी येते, तेव्हा तिला सुरी दिसते. दोन मेजांमध्ये किमान सात-आठ पावलांचं अंतर हवं. मेजं जवळ मांडली तर स्कार्पिआला सुरी उचललेली दिसलीच असती, आणि मग तो मूर्ख ठरतो.

सुरी बोथट, एकसंध घ्या. पातं मुठीत सरकणारी सुरी ऐन वेळी अडकते. वार करताना तोस्काची पाठ प्रेक्षकांकडे, हात त्याच्या बगलेबाहेर. झगा लांब असतो, मेजाच्या पायात अडकतो. तालमी पहिल्या दिवसापासून तेवढ्याच घेराचा परकर नेसून घ्या.

खरी परीक्षा खुनानंतर. इथून पडदा पडेपर्यंत गाणं जवळजवळ नाहीच, नुसती कृती आणि वाद्यं. ती पाण्याने बोटं धुते, केस सारखे करते, परवाना लिहायच्या मेजावर शोधते, मिळत नाही, मग तो मेलेल्याच्या मुठीत दिसतो. ‘याच्यापुढे अख्खं रोम थरथरत होतं’ एवढं म्हणते. निघता निघता थबकते, दोन मेणबत्त्या त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवते, क्रूस काढून छातीवर ठेवते आणि जाते. हौशी प्रयोगात हे सगळं घाईने उरकलं जातं, मग संगीत उरतं आणि नटी अवघडून उभी राहते. प्रत्येक कृतीला स्वरलेखनात जागा दिलेली आहे, पियानोवाल्याकडून ती खुणा करून घ्या. स्कार्पिआ कुठे पडणार तिथे जमिनीवर खडूची फुली हवी. तो हातभर बाजूला पडला की मेणबत्त्यांना जागा उरत नाही. खऱ्या ज्योतीसाठी नाट्यगृहाची आधी परवानगी घ्या, नाहीतर बॅटरीच्या मेणबत्त्या चालतील.

शास्त्रीय गायनाच्या विशारदच्या वर्गात आहे. याच अंकातलं तोस्काचं ‘व्हीस्सी दार्ते’ आपल्या तयारीच्या आवाजात गाता येईल का? (सात रस्ता)

स्वर कळतील, आवाज मात्र वेगळ्या पद्धतीने लावावा लागेल. कलेसाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, मग देवा मला हे फळ का, असं हे गाऱ्हाणं. तीन मिनिटांच्या थोडं पुढे-मागे. षड्ज काळी दोनचा. शेवटाकडे आवाज वरच्या काळी पाचपर्यंत चढतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या मुलीला तो अतितार षड्ज होतो, आणि आपल्या बैठकीत तिथे सहसा कुणी जात नाही. शिवाय मायक्रोफोनशिवाय वाद्यवृंदावरून आवाज पोचवायचा असतो. कंठ आवळून जोर लावलात तर आवाज बसेल. पाश्चात्त्य गायनाच्या शिक्षकाकडून आधी वरच्या सप्तकाची जागा करून घ्या, तोवर दोन-तीन स्वर उतरवून गा. मराठी शब्द बसवणाऱ्यांनी सर्वांत वरच्या स्वरावर ‘आ’ येईल अशी ओळ करावी. ऱ्हस्व इ-उ तिथे चिरडतात.

स्कार्पिआने तर काव्हारादोस्सीवर खोट्या गोळीबाराचा (नुसता देखावा, मारायचं नाही) हुकूम तोस्कासमोरच दिला. मग बंदुका खऱ्या कशा? (रेल्वे लाइन्स)

हुकूम नीट ऐका. स्पोलेत्ताला तो म्हणतो, ‘पाल्मिएरीला केलं तसं.’ हे तो दोनदा घोळवतो, आणि स्पोलेत्ता समजल्याची खूण करतो. पाल्मिएरीचं काय झालं ते या दोघांनाच ठाऊक. तोस्काला ‘खोटा’ हा शब्द ऐकू येतो, त्याच्यापुढचा नाही. म्हणजे स्कार्पिआ मरण्याआधीच फसवून बसलेला आहे, आणि त्याचा खून झाला म्हणून हुकूम फिरला हा समज चुकीचा.

तिसऱ्या अंकात ती प्रियकराला पडायचं कसं हे शिकवते, रंगभूमीवर तोस्का पडते तसं. गोळ्या सुटल्यावर सार्जंट शेवटची गोळी घालायला पुढे होतो, स्पोलेत्ता त्याला अडवतो, आणि तिची खात्रीच पटते. काव्हारादोस्सीला खरं कळलं होतं का? ऑपेरात ते स्पष्ट नाही. मोठे टेनर तो ओळखून आहे असं सुचवतात, आणि आम्हाला तेच पटतं. नाहीतर तिच्या हातांवर लिहिलेलं ते हळवं गाणं पोरकट वाटतं.

मराठी प्रयोगासाठी कुणाला पैसे भरावे लागतील का? (भवानी पेठ, तीच संस्था)

मूळ कृतीसाठी नाही. पुच्चिनी १९२४ मध्ये वारला, संहिताकार जाकोसा आणि इल्लिका त्याच्याही आधी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तो केव्हाच संपला. पण कुणी अलीकडे केलेलं भाषांतर वापरलंत तर त्या भाषांतरकाराची लेखी संमती हवी. पियानोऐवजी ध्वनिमुद्रित वाद्यवृंद लावणार असाल तर त्या मुद्रणाचा हक्क वेगळा, प्रकाशनापासून ६० वर्षांचा. आणि मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) वेळेत पाठवा. नाट्यगृहाची तारीख त्यानंतर पक्की केलेली बरी.