वाचक विचारतात: बाटलीतले उड्या मारणारे ठिपके, बांगड्याचं लाल पोट आणि गाळलेलं पाणी

प्रश्न (खानापूर): सुट्टीत कारवारजवळ माजाळीला गेलतो, तिथं पोरानं बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं. उन्हात धरून बघितलो तर आत पांढुरके ठिपके, आणि मधूनच टुणकन उड्या मारायलेत. नंतर शाळेत सरांनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं, दोन लांब शिंगं आणि कपाळावर एकच लाल डोळा. ही कोलंबीची पिल्लं काय?

उत्तर: पिल्लं नव्हेत, पण कोलंबीच्या भावकीतलेच. हे कोपेपॉड. बहुतेकांची लांबी अर्धा ते दोन मिलिमीटर, पूर्ण वाढ झाली तरी तेवढीच, त्यामुळं तुमच्या पोरानं धरलेत ते चांगले मोठे बाप्ये-बायका असणार. ओळखायची खूण सोपी आहे: कोलंबीला दांड्यावर बसवलेले दोन डोळे असतात, यांना मधोमध एकच ठिपका, आणि तोही उजेड कुठनं येतोय एवढं कळण्यापुरताच.

शिंगं म्हणालात त्या मिशा, आणि या प्राण्याचं खरं कौतुक तिथंच आहे. मिशीवर बारीक बारीक केस असतात, एखादा मासा जवळ आला की पाणी हलतं, केस वाकतात आणि काही मिलिसेकंदात हा तिथनं पसार. छातीखाली पोहायच्या पायांच्या चार-पाच जोड्या असतात, प्रत्येक जोडीतला डावा-उजवा पाय एका पट्टीनं जोडलेला, म्हणून दोन्ही एकदमच मागं मारले जातात, आणि त्या एका झटक्यात वेग किती, तर सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या काहीशे पट! तुम्ही बघितलेली उडी हीच. उडी थांबली की मात्र तो जागच्या जागी थांबतो, घसरत पुढं जात नाही, कारण एवढ्याशा जिवाला पाणी आपल्याला काकवी वाटेल तसं घट्ट वाटतं. पूर्वी लोक म्हणायचे की हे चाळणी लावल्यासारखं पाणी गाळून खातात. 1980 च्या आसपास हायस्पीड कॅमेऱ्यानं शूटिंग केलं तेव्हा दिसलं की तोंडाजवळचे अवयव पसरून शेवाळाचा कण त्याच्याभोवतीच्या पाण्यासकट आत ओढतात.

बाकी अंग साधं. पुढं लांबट गोल भाग, मागं बारीक शेपटी, टोकाला दोन फाटे आणि त्यावर केस. कल्ले नाहीतच, एवढ्या लहान अंगाला प्राणवायू कातडीतनंच पुरतो. सरांकडं स्लाइड शिल्लक असेल तर परत एकदा बघा, एखाद्याची उजवी मिशी मधनं सांध्यात दुमडणारी दिसली तर तो नर, मादीला धरायला ती लागते. अंड्यातनं निघालेलं पोर आईबापासारखं अजिबात दिसत नाही, अकरा वेळा कात टाकल्यावर ते मोठं होतं.

आणि पुढच्या वेळी बाटली दिवसभर गाडीत ठेवू नका, पाणी तापलं की सगळे मरून तळाला बसतात. बघून झालं की तिथंच सोडून द्या.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): बांगडा साफ करताना पोटात लालसर चिखल निघतो. मासेवाली म्हणते ताजाच आहे, सासूबाई म्हणतात टाकून दे. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, घरच्या भांडणात मी पडत नाही, पण लाल चिखल एवढ्यावरनं बांगडा खराब म्हणता येत नाही. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहतो, कल्ल्यांवरच्या दाट काट्यांत पाण्यातलं बारीक खाणं अडकतं, आणि त्यात हे वरचे कोपेपॉड भरपूर असतात. त्यांच्या अंगात तांबडं रंगद्रव्य असतं, शेवाळातनं आलेलं, कोलंबी शिजवल्यावर लाल होते ते ज्यामुळं तेच.

पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सुटला की आपल्या किनाऱ्यालगत खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म शेवाळ माजतं, शेवाळावर कोपेपॉड, कोपेपॉडवर बांगडा आणि तारली. 1 जून ते 31 जुलै बोटींना बंदी असते तेव्हा आत समुद्रात हे जेवण जोरात चालू असतं, आणि पावसाळा सरल्यावर चोर्ला घाटातनं बांगड्याच्या गाड्या वर येतात. पुस्तकात हे सगळं 'प्राणिप्लवक', म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, एवढ्या एका शब्दात उरकतात, मला तर त्याचा रागच येतो. यातले बरेच कोपेपॉड दिवसा खाली अंधारात जातात, काही तर शेकडो मीटर, आणि रात्री खायला वर येतात. त्यांच्या लेंड्या खाली बुडतात आणि शेवाळानं हवेतला ओढलेला कार्बन थोडाथोडा तळाकडं नेतात.

तुमचं काम एवढंच की कल्ले लालभडक आणि डोळे फुगीर, स्वच्छ आहेत का ते बघायचं. भरल्या पोटाचा मासा पोटाकडनं लवकर खराब होतो, तेव्हा आणल्या आणल्या साफ करायचा, फ्रिजमध्ये तसाच ढकलायचा नाही.

प्रश्न (निपाणी): आमच्याकडं पहिल्यापासनं पाणी गाळूनच पितात, जैन घर आहे. विहिरीत पण असले जीव असतात काय? आजी नारूचं काहीतरी सांगायची.

उत्तर: असतात की. समुद्रातल्यांचे गोड्या पाण्यातले चुलतभाऊ, त्यांना सायक्लोप्स म्हणतात, मादीच्या शेपटीशी दोन बाजूला अंड्यांच्या पिशव्या लोंबतात. आजी सांगायची ते खरं. नारू हा जंताचा रोग. त्या जंताची अळी सायक्लोप्सच्या पोटात जायची, माणूस ते पाणी प्यायचा, आणि साधारण वर्षानं पायातनं हातभर जंत बाहेर यायचा. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, जंत तिथं परत अळ्या सोडायचा, असं ते चक्र. कर्नाटक, महाराष्ट्र दोन्हीकडं नारू होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 चा, आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त जाहीर केला. औषध नव्हतं, लस नव्हती, मुख्य हत्यार होतं ते पाणी गाळायचं कापड आणि विहिरींची दुरुस्ती. न्यूयॉर्कच्या नळाच्या पाण्यातही 2004 मध्ये कोपेपॉड निघाले, तेव्हा तिथल्या कट्टर ज्यू कुटुंबांनी, त्यांच्या धर्मात कोलंबीच्या भावकीतले जीव खायला मनाई म्हणून, नळाला फिल्टर बसवले, म्हणजे हा प्रश्न फक्त तुमच्या घरचा नाही.

कापड दाट विणीचं, दुपदरी घ्या. गाळून झाल्यावर ते त्याच पाण्याच्या विहिरीत उलटं करून धुतात तुमच्याकडं, ते बरोबरच आहे, मोरीत गेले तर हे जीव मरतातच. फक्त जंतू, जुलाबाचे वगैरे, कापडातनं आरामात पलीकडं जातात, तेव्हा गाळल्यावर पाणी उकळायचंच.