वाचकांचे प्रश्न : विमानातून उतरून थेट रेल्वेत

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही दोघं मुंबईहून रात्रीच्या विमानाने फ्रँकफर्टला निघतोय. सकाळी ७.४० ला पोचतो. मुलगी कोलोनला शिकते. तिने ९.१० च्या गाडीचं स्वस्त तिकीट बघून ठेवलंय. दीड तास पुरेल ना? (पुणे)

उत्तर : नशीब चांगलं असेल तर पुरेल. पण ते तिकीट घेऊ नका. जर्मन रेल्वेची स्वस्त तिकिटं, म्हणजे ‘स्पारप्राइस’ आणि ‘सुपर स्पारप्राइस’, त्या एकाच गाडीला बांधलेली असतात. गाडी चुकली की तिकीट वाया जातं. रेल्वेच्याच उशिरामुळे मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असाल, तर ही अट सुटते आणि दुसरी गाडी धरता येते. विमानाचा उशीर मात्र रेल्वे धरत नाही. दोन वेगळी तिकिटं म्हणजे तिच्या लेखी दोन वेगळे प्रवास.

आता तुमचा वेळ मोजू. विमान दाराशी लागल्यावर मागच्या रांगांतले प्रवासी बाहेर यायला १५-२० मिनिटं जातात. पुढे पासपोर्टची रांग. सकाळी लांबची विमानं एकामागोमाग उतरतात, त्यामुळे इथे अर्धा तास लागेल की दीड, हे आधी सांगता येत नाही. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) नवी प्रवेश-नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो तिथेच घेतात (१२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत). एकदा झालेली नोंद तीन वर्षं चालते, पण पहिल्या खेपेला वेळ जातोच. मग सामानाचा पट्टा, आणि टर्मिनल १ वरून स्टेशनपर्यंत बॅगा ओढत १०-१५ मिनिटांची चाल. टर्मिनल १ सोडून दुसरीकडे उतरलात तर त्यात आणखी १५-२० मिनिटं धरा.

म्हणून, एका गाडीला बांधलेलं तिकीट घ्यायचंच असेल तर विमान आणि गाडी यांत तीन तास ठेवा. त्याहून चांगले मार्ग दोन. पहिला : ‘फ्लेक्सप्राइस’ तिकीट. महाग पडतं, पण त्या दिवशीची त्या मार्गावरची कुठलीही गाडी चालते. दुसरा : विमानाचं तिकीट काढतानाच रेल्वेचा भाग त्यात घ्यायचा. काही विमान कंपन्या ‘रेल अँड फ्लाय’ देतात. त्यात गाडीचं बंधन नसतं. लुफ्तान्साच्या तिकिटात तर कोलोनचं मुख्य स्टेशन क्यूकेएल या कोडने विमानतळासारखंच नोंदता येतं. त्या गाडीला विमानासारखा नंबर असतो, आणि विमान उशिरा आल्याने गाडी चुकली तर पुढच्या गाडीत बसवण्याची जबाबदारी कंपनीची. तुम्हा दोघांसाठी आम्ही हाच मार्ग सुचवू.

फ्लेक्सप्राइस घेतलंत तर एक बारकावा लक्षात ठेवा. तिकीट कुठल्याही गाडीला चालतं, जागेचं आरक्षण मात्र एकाच गाडीचं असतं, आणि गाडी सुटल्यावर १५ मिनिटांत जागेवर बसला नाहीत तर हक्क जातो. तेव्हा आरक्षण घरून करू नका. बॅगा हातात आल्या की रेल्वेच्या ॲपवर त्या वेळी जवळ असलेल्या गाडीत जागा घ्या.

गाडी शोधताना नावांकडे नीट बघा. जर्मनीत फ्रँकफर्ट दोन आहेत. ‘ओडर’ लिहिलेलं पोलंडच्या सीमेवर आहे, तुम्हाला हवं ते ‘माइन’. विमानतळावर स्टेशनंही दोन आहेत : लोकल गाड्यांचं (फलाट १ ते ३) आणि लांब पल्ल्याचं ‘फेर्नबानहोफ’ (फलाट ४ ते ७). कोलोनची जलद गाडी दुसऱ्यावरून सुटते आणि साधारण तासाभरात पोचवते. काही गाड्या मात्र कोलोनच्या मुख्य स्टेशनात जातच नाहीत. ऱ्हाइन नदीच्या अलीकडच्या काठावर ‘मेसे/डॉइट्स’ला थांबतात आणि पुढे निघून जातात. तशी गाडी मिळाली तरी घाबरू नका. तिथून मुख्य स्टेशन लोकलने एकच थांबा आहे. पण मुलगी एका स्टेशनवर आणि तुम्ही दुसऱ्यावर असं व्हायला नको. गाडी ठरली की तिला स्टेशनाचं पूर्ण नाव कळवा.

प्रश्न : आमचं विमान पॅरिसला उतरतं आणि तिथून स्ट्रासबुर्गला जायचंय. जर्मनीसारखं मोकळं तिकीट फ्रान्समध्ये मिळतं का? (नाशिक)

उत्तर : तसं नाही. तेजेवे (टीजीव्ही) या फ्रान्सच्या जलद गाडीत प्रत्येक तिकिटाला ठरलेली गाडी आणि ठरलेली जागा असते. तिकीट बदलायचं तर गाडी सुटण्यापूर्वी, गरज पडल्यास शुल्क भरून. म्हणून पासपोर्टच्या रांगेत उभे असतानाच घड्याळाकडे लक्ष ठेवा आणि गाडी हुकणार असं दिसलं की तिथूनच फोनवर बदला. त्यासाठी फोनचं इंटरनेट उतरल्याउतरल्या सुरू व्हायला हवं. सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात, हेही ध्यानात असू द्या.

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल २ मध्येच तेजेवेचं स्टेशन आहे. टर्मिनल १ वरून तिथे फुकटची शटल रेल्वे नेते. पण तिथून स्ट्रासबुर्गला थेट गाड्या दिवसाला मोजक्याच. ती चुकली तर विमानतळावर ताटकळू नका. आरईआर-बी लोकलने अर्ध्या तासात शहरातलं गार द्यू नॉर स्टेशन गाठा, तिथून दहा मिनिटं चालत गार द ल’एस्त. या स्टेशनवरून स्ट्रासबुर्गच्या गाड्या पुष्कळ आहेत आणि वेगवान गाडी पावणेदोन तासांत पोचते. आमच्या मते आधीच तिकीट काढायचं तर याच स्टेशनवरून, विमानानंतर चार तासांनी सुटणाऱ्या गाडीचं काढावं.

सामानाचाही नियम आहे : माणशी दोन बॅगा, प्रत्येकी जास्तीत जास्त ७० × ९० × ५० सेंटिमीटर, आणि एक छोटी हातबॅग. प्रत्येक बॅगेवर नावाचं लेबल हवंच.

प्रश्न : रात्रभर झोप नाही. गाडीत डोळा लागला आणि स्टेशन गेलं तर? (ठाणे)

उत्तर : डोळा लागणारच, हे गृहीत धरा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. पोचायच्या वेळेच्या १५ मिनिटं आधीचा गजर कंपनावर लावून फोन खिशात ठेवा. गाडीला उशीर झाला तर गजरही पुढे सरकवा. तिकीट-तपासनिसाने उठवू नये म्हणून जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये ‘कोम्फोर्ट चेक-इन’ आहे. जागेवर बसल्यावर डबा आणि जागेचा नंबर त्यात भरला की तपासनिसाला तुमचं तिकीट तपासल्याचं दिसतं.

पासपोर्ट, पैसे आणि औषधं अंगाला लावलेल्या पिशवीत, वरच्या फळीवर नको. मोठी बॅग दाराजवळच्या मांडणीत ठेवून दूर बसण्यापेक्षा पाठीला पाठ लावलेल्या दोन आसनांमधल्या मोकळ्या जागेत बसते का बघा, बरेचदा बसते. पासपोर्ट हाताशी हवा याला आणखी एक कारण आहे : सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आणि पोलिस गाडीतही कागद विचारतात.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीचे आहेत. विमानात व्हीलचेअर सांगितली आहे. ती गाडीपर्यंत येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : गाडीपर्यंत येईल असं धरू नका. विमानाकडून मिळणारी मदत विमानतळापुरती असते. रेल्वेची मदत वेगळी, निदान एक दिवस आधी नोंदवावी लागते, आणि तिच्यासाठी गाडीचा नंबर द्यावा लागतो. त्यामुळे इथे तीन-चार तासांची फट ठेवूनच गाडी निवडा. स्टेशनांवर हमाल मिळत नाहीत. जुन्या जलद गाड्यांच्या दाराला उंच, अरुंद पायऱ्या आहेत, आणि २५ किलोची बॅग तिथे आपल्यालाच चढवावी लागते. दोघांना मिळून एक मोठी बॅग देण्यापेक्षा चाकांच्या दोन मध्यम बॅगा द्या, प्रत्येकी १२-१३ किलोंच्या. फलाटावर A, B, C अशी रोमन अक्षरांची ठिकाणं असतात. त्यांचा डबा कुठल्या अक्षराशी येतो ते ॲपमध्ये बघून त्यांना आधीच कळवा. कधी डबे उलट्या क्रमाने येतात. तशी सूचना फलाटावरच्या पाटीवर झळकते, आणि मग तीन-चार मिनिटांत सगळा फलाट धावायला लागतो. तसं झालं तर त्यांनी धावू नये. समोर येईल त्या दारातून चढावं आणि गाडी सुटल्यावर आतून सावकाश आपल्या डब्यात जावं. फक्त गाडी दोन तुकड्यांची नाही ना, एवढं आधी बघून ठेवा. दोन तुकड्यांमध्ये आतून वाट नसते.